चित्र कोणाचे, आणि कधीचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजघराण्यांच्या चित्रांचे एक प्रदर्शन नुकतेच एका संग्रहालयात पाहण्यात आले. मांडणी देखणी होती, गर्दी चांगली होती आणि आईवडील मुलांना घेऊन प्रत्येक चित्रापुढे थांबत होते. खंत एकाच गोष्टीची वाटली. जवळजवळ प्रत्येक पाटीवर चित्रातल्या व्यक्तीचे नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि पराक्रम होता. पण चित्र कोणी काढले, कोणत्या साली, कोणासाठी आणि कशावरून, हे फार थोड्या ठिकाणी होते. सतराव्या शतकातल्या लघुचित्राची प्रत, एकोणिसाव्या शतकातला तैलरंगातला संस्थानिक आणि अलीकडच्या काळात कल्पनेने रंगवलेला दरबार एकाच ओळीत, एकाच मापाच्या पाटीसह टांगला की पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच खरे वाटतात. ते तसे नाहीत. म्हणून हे पत्र त्या पाटीविषयी आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या चित्रांपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपली भावना सर्वांत खोल आहे आणि म्हणून काळजीही सर्वांत जास्त हवी. महाराजांच्या हयातीला सर्वांत जवळची म्हणून ओळखली जाणारी बहुतेक चित्रे परदेशात आहेत: अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. त्यांतली बरीचशी गोवळकोंड्याच्या दख्खनी शैलीतली आहेत आणि १६८० ते १६८७ या काळाच्या आसपासची मानली जातात. महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये औरंगजेबाच्या हाती गेला, एवढे दोन टप्पे ध्यानात ठेवले तरी या चित्रांची जागा कळते. पॅरिसचे चित्र वेगळे आहे. मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराकडून १६८६ पूर्वी एक चित्रसंच करून घेतला; त्यात महाराज घोड्यावर आहेत आणि सोबत पायी चालणारे सैनिक आहेत. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत आपण महाराजांना भेटलो, असे मनुची सांगतो. म्हणजे चित्र करवून घेणाऱ्याने व्यक्ती पाहिली असावी. काढणाऱ्याने पाहिली होती असे मात्र त्यावरून ठरत नाही.

गोवळकोंड्याच्या संचांविषयी पाटीवर एक गोष्ट हमखास यायला हवी. ही चित्रे बाजारासाठी होती. डच, इंग्रज, फ्रेंच व्यापाऱ्यांना हिंदुस्थानातल्या सत्ताधीशांचे चेहरे हवे असत आणि चित्रशाळा ते संचाने पुरवत. कारागिरीची पद्धत पाहिली की त्यातला धोका समजतो. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून जाड पृष्ठ करायचे, अकीकाने घोटून गुळगुळीत करायचे, मग आधीच्या चित्रावरून घेतलेला खाका त्यावर ठेवायचा. खाक्याच्या रेषेवर सुईने बारीक छिद्रे असतात. वरून कोळशाची पूड थोपटली की खाली ठिपक्यांची आकृती उमटते. ती जोडून घ्यायची, पांढऱ्याचा पातळ हात द्यायचा आणि रंग भरायचे. एका खाक्यावरून कितीही चित्रे निघतात. मूळ खाका ज्याने केला त्याने व्यक्तीला पाहिले असेल तर दहावी प्रतही काही प्रमाणात विश्वासार्ह. पाहिले नसेल तर पहिलीही नाही. शिवाय चित्रावरचे नाव पुष्कळदा विकत घेणाऱ्या युरोपीय माणसाने आपल्या लिपीत, आपल्याला ऐकू आले तसे लिहिलेले. नाव चुकले की चेहरा दुसऱ्याचा होतो.

असे आपल्याकडे घडलेलेही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचारात होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतले चित्र शोधून १९३३ मध्ये ते लोकांपुढे आणले, तेव्हा हा घोळ दूर झाला. एका संशोधकाच्या चिकाटीने एका समाजाला आपल्या राजाचा चेहरा परत मिळाला. हा इतिहास प्रत्येक शिवचित्राच्या दालनात सांगण्यासारखा आहे, पण तो क्वचितच सांगितला जातो.

लेखी वर्णनांशी चित्र ताडून पाहण्याची सोयही प्रदर्शनात करता येते. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेत असलेल्या एस्कॅलियट या इंग्रज पाद्र्याने, ज्यांनी महाराजांना पाहिले होते त्यांच्याकडून ऐकून लिहिले: उंची बेताची, शरीर ताठ आणि प्रमाणबद्ध, बोलताना स्मित केल्यासारखे वाटावे असा चेहरा, नजर चपळ व भेदक, आणि वर्ण आपल्या माणसांहून गोरा. काही वर्षांच्या अंतराने लिहिणारा तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी उंची कमी आणि डोळे तेजस्वी म्हणतो, पण वर्ण सावळा सांगतो. दोघांत नजर आणि उंची जुळते, वर्ण जुळत नाही. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लावले तर पुरावा कसा तोलायचा हे दहा वर्षांच्या मुलालाही समजेल. एकच उतारा निवडून लावला तर ते शिकणे राहून जाते.

चित्र वाचताना वेशाच्या खुणा फार उपयोगी पडतात. जाम्याचा, म्हणजे लांब अंगरख्याचा, बंद कोणत्या बाजूला आहे ते पाहावे: मोगल काळापासून हिंदू डाव्या काखेत आणि मुसलमान उजव्या काखेत बांधत, आणि लघुचित्रांत हा भेद बहुधा पाळलेला असतो. पण इथे एक मेख आहे. युरोपात छापलेले तांब्याच्या ठशाचे चित्र मूळ चित्राच्या उलटे उमटते, कारण कोरणारा मूळ चित्र जसेच्या तसे पत्र्यावर उतरवतो आणि कागदावर ते आरशातल्यासारखे फिरते. काही कोरके आधीच उलटे कोरून हे टाळत, काही टाळत नसत. त्यामुळे डच वा फ्रेंच ग्रंथांतल्या छापील चित्रात बंद उजवीकडे आणि तलवार डाव्या हातात दिसली, तर लगेच व्यक्तीविषयी निष्कर्ष काढू नये. आधी चित्र उलटे झाले आहे का ते पाहावे. डोक्यामागचे तेजोवलयही असेच. ते पाहून आपण दैवतभाव मनात आणतो, पण जहांगीराच्या काळापासून मोगल चित्रकारांनी युरोपीय छापील चित्रांवरून ते उचलले आणि राजपदाची खूण म्हणून वापरले. पुढे ते राजस्थानात आणि दख्खनेत सर्रास झाले.

राज्याभिषेकाच्या चित्रांना मात्र वेगळी कसोटी लावावी लागते. ६ जून १६७४ च्या सोहळ्याचे रायगडावर बसून काढलेले चित्र आपल्यापुढे नाही. घराघरांत असलेली राज्याभिषेकाची चित्रे फार नंतरची आहेत आणि ती चित्रकारांनी वाचन, कल्पना व आपल्या काळची दरबाराची समजूत यांतून उभी केली आहेत. ती सुंदर आहेत, त्यांनी पिढ्यांना अभिमान दिला, त्यांचे स्थान मोठे आहे. पण समारंभाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाने जे नोंदवले ते त्यांतल्या किती चित्रांत आहे? सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हे होती, असे तो लिहितो: उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सोनेरी मुंडकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका मौल्यवान भाल्यावर समतोल सोन्याचा तराजू, न्यायाचे चिन्ह म्हणून. मासा आणि घोड्याचे पुच्छ ही त्या काळच्या बादशाही दरबारांतली सत्तेची सर्वपरिचित चिन्हे. गागाभट्टांच्या हस्ते वैदिक विधी, संस्कृत मुद्रा, स्वतःचा शक, आणि त्याच सिंहासनाशेजारी साऱ्या हिंदुस्थानाला कळेल अशा चिन्हांतून केलेली सार्वभौमत्वाची घोषणा. महाराजांची राजनीती किती दूरदृष्टीची होती हे या एका तपशिलातून जितके उमगते तितके पाटीवरच्या विशेषणांच्या ओळीतून उमगत नाही.

सिंहासनाबद्दल सभासद आपल्या बखरीत ३२ मण सोने सांगतो. पाट्यांवर हा आकडा सरळ किलोत बदलून दिलेला आढळतो. मण ४० शेरांचा धरला तरी शेराचे वजन प्रांतागणिक आणि मालागणिक बदलत असे. त्यामुळे आजच्या मणाने गुणून काढलेला किलोचा आकडा निराधार ठरतो. ‘सभासदाच्या म्हणण्याप्रमाणे ३२ मण’ एवढे लिहावे. ते पुरेसे आहे आणि खरे आहे.

पेशवाईकडे आले की साधने बदलतात. सर चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्यात इंग्रजांचा वकील होता. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने प्रत्यक्ष पाहून केली. सवाई माधवराव आणि नाना यांचे त्याचे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली, तिथून गंगाराम चिंतामण तांबट हा विलक्षण हाताचा पुणेकर चित्रकार पुढे आला. त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रेखाटला, वेरूळची लेणी रेखाटली. त्याची बरीच कामे आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. राजचित्रांच्या प्रदर्शनात नानांचा चेहरा येतो. गंगारामाचे नाव येत नाही. हे बदलले पाहिजे.

त्याच काळातले सर्वांत प्रसिद्ध दरबारचित्र घ्या: १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या तहासाठी मॅलेट पेशव्यांच्या दरबारात. हे भव्य तैलचित्र टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केले आणि ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्याच्या प्रती आपल्याकडे ‘पेशव्यांचा दरबार’ म्हणून सर्वत्र लागतात. आता वर्षे मांडून पाहावीत. तह १७९० चा. ज्या वेल्सच्या रेखाटनांवर चित्र बेतले तो पुण्यात आला १७९२ मध्ये, म्हणजे तहाच्या वेळी तो तिथे नव्हता. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये गेले, वेल्स त्यानंतर महिनाभरातच गेला. चित्र मॅलेटसाठी झाले, आणि रचनेचे केंद्रही मॅलेटचा तह हेच आहे. मधल्या काळात १८०२ चा वसईचा तह झाला, १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी युद्ध झाले, होळकरांशी लढाई १८०५ पर्यंत चालली. मराठ्यांशी झालेले युद्ध संपता संपता लंडनमध्ये मराठ्यांशी झालेल्या मैत्रीचे चित्र पूर्ण होत होते. चेहरे, पोशाख, बैठकीची पद्धत, दिवाणखान्याची लाकडी सजावट यांसाठी हे चित्र अमूल्य आहे, कारण रेखाटने जागेवरची होती. कोण कोणाशेजारी बसला होता यासाठी ते तितक्या भरवशाचे नाही. हा फरक चार ओळींत लिहिता येतो.

आणखी एक चूक जाता जाता सांगतो. पेशव्यांना पाटीवर ‘राजे’ म्हटलेले आढळते. पेशवे प्रधान होते. राजपद साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या छत्रपतींचे. सवाई माधवराव दरबारात गादीवर बसले असले तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत.

संस्थानी काळातली तैलचित्रे ओळखायला तुलनेने सोपी, कारण त्यांत साल लपलेले असते. छातीवरचे पदक पाहावे. ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब १८६१ मध्ये सुरू झाला; त्याचा फिकट निळा, पांढऱ्या काठाचा पट्टा ज्या चित्रात खांद्यावरून आला आहे ते चित्र त्यापूर्वीचे असू शकत नाही. १८७७, १९०३ आणि १९११ या तीन दिल्ली दरबारांची पदके वेगवेगळी आहेत; चित्रात दिसणाऱ्या पदकांपैकी सर्वांत उशिराचे पदक ज्या सालचे, त्याआधीचे ते चित्र असू शकत नाही. अडचण अशी की जुन्या चित्रावर नंतर पदक रंगवून घेण्याची हौसही होती. अशा ठिकाणी पदकाभोवतीच्या रंगाचा थर जाड दिसतो, वरचे भेगांचे जाळे तिथे तुटते आणि अतिनील दिव्याखाली नवा रंग काळपट डागासारखा उठतो, तर भोवतालचे जुने वार्निश हिरवट उजळते. हा दिवा बहुतेक मोठ्या संग्रहालयांकडे असतो. तपासणीचा निकाल पाटीवर देण्यात काहीच अवघड नाही.

या पदकांमागे मानाची मोठी चढाओढ होती. बडोदा आणि ग्वाल्हेरला २१ तोफांची सलामी, कोल्हापूरला १९. कोण कोणत्या खुर्चीवर, कोणत्या बाजूला, किती दागिन्यांत, यावर पत्रव्यवहार चालत. म्हणूनच डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात महाराज सयाजीराव गायकवाड साध्या पोशाखात पुढे आले आणि बादशहाला मुजरा करून पाठ फिरवून परतले, तेव्हा एवढे वादळ उठले. संपूर्ण राजवेशातल्या त्यांच्या तैलचित्राशेजारी ही हकीकत नसेल, तर तो पोशाख नुसता थाट वाटतो. राजर्षी शाहू महाराजांचेही तसेच. भरजरी पोशाखातले त्यांचे चित्र लावताना २६ जुलै १९०२ चा, मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा आदेश शेजारी हवा आणि त्यांनी आश्रय दिलेले चित्रकार आबालाल रहिमान यांचे एखादे निसर्गचित्रही हवे. राजाने कोणासाठी काय केले हे त्याच्या दागिन्यांवरून कळत नाही.

या काळातली पुष्कळ चित्रे छायाचित्रावरून केलेली आहेत, आणि पाटी ते सांगत नाही. ओळखण्याच्या खुणा आहेत. जुन्या कॅमेऱ्याला काही सेकंद स्थिर बसावे लागे, म्हणून मानेमागे आधाराचा दांडा लावत; छायाचित्रात त्याचे पाय कधी राजाच्या बुटांमागे डोकावतात आणि चित्रकार ते गाळतो, पण बसण्याचा ताठरपणा तसाच उतरतो. चेहऱ्यावर कमालीचे तपशील आणि हातांत मात्र निर्जीवपणा, हीही एक खूण. कित्येकदा तर छायाचित्राच्या कागदावरच रंग दिलेला असतो. कडेला रंग झिजलेल्या जागी भिंगातून पाहिले तर खालचा तपकिरी छायाचित्री रंग दिसतो. यात कमीपणा काही नाही. उलट छायाचित्राचा आधार असेल तर चेहऱ्याची खात्री वाढते. लपवले की मात्र पाहणाऱ्याची फसवणूक होते.

छापील चित्रांचा घोटाळा सर्वांत मोठा. राजा रविवर्मा यांना सयाजीरावांनी बडोद्यात काम दिले, आणि १८९४ मध्ये रविवर्मांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. दगड नेमक्या जागी बसला नाही की ओठांचा लाल रंग गालावर सरके, म्हणून चांगली आणि वाईट प्रत असा भेद पडे. वरून वार्निश आणि कापडाच्या विणीचा उठाव दिला की छापही तैलचित्रासारखा भासे. दहापट मोठे दाखवणारे भिंग धरले की उलगडा होतो: शिळाछापात ठिपके हाताने दिलेले, लहानमोठे, अनियमित, आजच्या यांत्रिक छपाईत चार रंगांचे ठिपके नियमित गोल फुलासारखे जमलेले, आणि खऱ्या तैलरंगात ठिपकेच नसतात, कुंचल्याच्या केसांच्या रेषा असतात. आता कॅनव्हासवर यंत्राने छापून वर पारदर्शक लेपाचे फटकारे मारलेली चित्रेही प्रदर्शनांत येतात. मूळ चित्र सुरक्षिततेसाठी ठेवणीत असेल तर प्रत लावणे योग्यच आहे. ‘प्रत’ हा शब्द पाटीवर पहिल्या ओळीत हवा.

रंगांविषयी एक सूचना. कागदावरची चित्रे मंद उजेडात ठेवतात याबद्दल प्रेक्षक तक्रार करतात. ते नियम योग्य आहेत. अशा चित्रांसाठी ५० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) ही मर्यादा सर्वमान्य आहे आणि प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने सर्वांत नाजूक रंगांसाठी वर्षाला १५,००० लक्स-तास सुचवले आहेत. रोज आठ तास दालन उघडे धरले तर हा साठा साधारण ३७ दिवसांत संपतो. म्हणून वर्षभर तेच लघुचित्र भिंतीवर ठेवणे म्हणजे ते हळूहळू पुसणे होय. एका विषयाची तीन-चार चित्रे असतील तर आळीपाळीने लावावीत. उजेडाने झालेले नुकसान भरून येत नाही. वनस्पती आणि किड्यांपासून काढलेले लाल-गुलाबी रंग आधी उडतात, शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकाने काळा पडतो, तांब्याचा हिरवा जंगाल कागद खाऊन भोके पाडतो. तैलचित्रावरचे जुने वार्निश पिवळे होते, निळा शेला हिरवा दिसू लागतो. त्यामुळे ‘महाराजांचा जामा पांढरा’ असे ठामपणे लिहिण्यापूर्वी चौकटीखाली झाकलेल्या कडेच्या रंगाकडे एकदा पाहावे. तिथे गुलाबी उरलेला असू शकतो.

तारखांच्या चुका तर अभ्यासकांकडूनही होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाच्या अखेरच्या तिमाहीत, म्हणजे जानेवारीपासून पाडव्यापर्यंत, ७९ मिळवावे लागतात. शिवजन्म शके १५५१ च्या फाल्गुनातला, म्हणून साल १६३०. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन ही वेगळी कालगणना येते; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण तो जूनच्या आरंभी, मृग नक्षत्राला बदलतो. सुहूर १०७५ म्हणजे १६७४-७५. हाच आकडा कोणी हिजरी समजून वाचला तर १६६४-६५ येते आणि एका फटक्यात दहा वर्षे चुकतात: राज्याभिषेकाचा कागद सुरतेच्या लुटीच्या सालात जातो. युरोपीय कागदांत दुसरा सापळा आहे. त्या शतकात इंग्रज जुनी दिनगणना वापरत आणि डच कंपनी नवी. दोन्हींत दहा दिवसांचे अंतर. आपण पाळतो ती ६ जून जुन्या गणनेची. डच कागदातली तारीख शेजारी देताना कोणती गणना ते लिहावे, नाहीतर वाचणाऱ्याला दोन वेगळे दिवस वाटतात.

प्रामाणिक पाटी कशी असते याचे उदाहरण वस्तूंच्या बाबतीत अलीकडेच आपल्यापुढे आले. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तिथे गेली. त्यांच्या पेटीवरच्या इंग्रजी मजकुरात, शिवाजीने ‘मोगल सेनापती’ला याने मारले, असे आहे. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी मारला गेलेला अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हता. म्हणजे पेटीवर लिहिणाऱ्याला प्रसंगाची नीट माहिती नव्हती. ही तीच वाघनखे आहेत असे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द लंडनच्या संग्रहालयाने उघडपणे म्हटले आहे. लोक तरीही रांगा लावून आले आणि आदराने पाहून गेले. खरे सांगितल्याने आदर कमी होत नाही. संग्रहालयांना वाटणारी भीती अनाठायी आहे.

पाटी लिहिणाऱ्यांसाठी प्रत्यक्षातले थोडे. ६० ते ७५ शब्दांपलीकडे उभ्याने कोणी वाचत नाही. पहिल्या ओळीत व्यक्ती व प्रसंग, दुसऱ्या ओळीत चित्रकार, गाव, साल, माध्यम. मग कोणासाठी केले आणि कशावरून केले. उरलेल्या जागेत एकच गोष्ट, जी चित्रात बोट ठेवून दाखवता येईल. प्रसंगाचे साल आणि चित्राचे साल कधीही एका ओळीत ठेवू नये, गल्लत तिथेच होते. चित्रकार अज्ञात असेल तर ‘चित्रकार अज्ञात’ लिहावे, जागा कोरी सोडू नये. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि उकार वर-खाली जागा घेतात. इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या की त्या एकमेकींत घुसतात, म्हणून अक्षर १८ पॉइंटांहून लहान नको आणि ओळींतले अंतर सैल हवे. पाटी मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही वाचता येईल अशी, जमिनीपासून १२० सेंटिमीटरच्या आसपास लावावी. काचेवर दिव्याची तिरीप पडते का हे मांडणी झाल्यावर दालनात फिरून पाहावे. आणि मराठी मजकूर आधी मराठीत लिहावा. इंग्रजीवरून उतरवलेल्या पाटीत सेनापती, सरदार, सरलष्कर सारे एकाच शब्दात कोंबले जातात आणि दरबाराची सारी रचना नाहीशी होते.

नमुना म्हणून डॅनियलच्या चित्राची पाटी अशी होईल: ‘पुण्याचा दरबार, १७९० च्या तहाचा प्रसंग (प्रत). चित्रकार टॉमस डॅनियल, लंडन, तैलरंग, १८०५ मध्ये पूर्ण. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी. जेम्स वेल्सने १७९२ नंतर पुण्यात केलेल्या रेखाटनांवरून. दोन्ही चित्रकार तहाच्या वेळी हजर नव्हते. चित्र पूर्ण झाले तेव्हा सवाई माधवरावांना जाऊन दहा वर्षे झाली होती. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात.’ पन्नासच्या आसपास शब्द आहेत. यापुढे उभा राहिलेला माणूस चित्राकडे पुन्हा एकदा, अधिक लक्ष देऊन पाहील.

हे अवघड नाही याचा दाखला आपल्याच मातीत आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये औंधच्या यमाईच्या डोंगरावर आपला संग्रह लोकांसाठी मांडला, त्यात रविवर्मा आणि मराठी चित्रकारांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे शिल्पही ठेवले, आणि पुढच्याच वर्षी आपल्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना स्वीकारली. एका लहानशा संस्थानाच्या राजाला चित्रकाराचे मोल कळत होते.

शेवटी आपल्या दैनिकालाही एक विनंती. शिवजयंती आणि राज्याभिषेकदिनाच्या पुरवण्यांत, तसेच एरवीही, राजे, राण्या आणि पेशव्यांची चित्रे आपण छापता, तेव्हा त्यांच्याखाली चित्रकाराचे नाव, चित्राचे साल आणि मूळ चित्र कुठे आहे एवढी एक ओळ छापावी. साल माहीत नसेल तर ‘कल्पनाचित्र’ किंवा ‘उत्तरकालीन चित्र’ असे म्हणावे. जागा दोन सेंटिमीटरही लागत नाही, आणि पुढच्या महिन्यात शाळेच्या फलकावर तीच कात्रणे लागतात.

आपला,
एक वाचक